फ्यूजच्या जागी चांदीचा कागद नको!
जुन्या मोटारसायकलीचं वायरिंग वेळीच सुधारा

नाशिक जिल्ह्यातली शेती बैलावर आणि ट्रॅक्टरवर चालते असं आपण म्हणतो. पण खरं पाहिलं तर ती मोटारसायकलीवर चालते. पहाटे दुधाच्या किटल्या, दिवसा औषधाचा पंप नाहीतर खताची गोणी, दुपारी लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतला लिलावाची फेरी, आणि रात्री थ्री फेज आली की विहिरीवरची मोटार चालू करायला पुन्हा तीच गाडी. तलाठी, ग्रामसेवक, आरोग्यसेवक, वायरमन, पोलीस पाटील यांचंही तेच. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर जायचं तर दुसरं साधन तरी काय आहे?

ही गाडी नवीन असतेच असं नाही. पंधरा-वीस, कधी तीस वर्षांची गाडी घरात असते. इंजिन दोनदा बांधून झालेलं असतं, टायर बदललेले असतात, सीटला नवीन कव्हर असतं. मात्र एका गोष्टीकडे कोणाचं लक्ष जात नाही, ती म्हणजे वायरिंग. ते टाकीखाली आणि सीटखाली झाकलेलं असतं. दिसत नाही म्हणून आठवत नाही. आणि ज्या दिवशी आठवतं, त्या दिवशी बहुधा अंधार पडलेला असतो, मागून उसाची ट्रॉली येत असते आणि आपल्या गाडीचा मागचा लाल दिवा बंद असतो.

एकच फ्यूज, सगळाच अंधार

जुन्या गाड्यांची रचना साधी होती. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्सने बनवलेली राजदूत, म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची येझदी (ही कंपनी १९९६ मध्ये बंद पडली), मद्रासची बुलेट, १९८५ पासून आलेली हिरो होंडा सीडी १०० आणि १९९४ ची स्प्लेंडर. या पिढीतल्या बहुतेक गाड्यांत बॅटरीजवळ एकच काचेचा फ्यूज असायचा. बॅटरीवर जे जे चालतं ते सगळं त्या एका फ्यूजच्या भरवशावर.

याचा परिणाम काय होतो? इंडिकेटरची एखादी तार हँडलजवळ खरवडली आणि बॉडीला टेकली, की फ्यूज उडतो. दोष असतो इंडिकेटरच्या तारेत, पण बंद पडतो हॉर्न, ब्रेकचा दिवा, मीटरचा दिवा, सगळंच. ज्या गाडीचं स्पार्किंगही बॅटरीवर आहे, जशी जुनी बुलेट किंवा येझदी, तिचं इंजिनसुद्धा जागेवर थांबू शकतं. कसारा घाटात किंवा सप्तशृंगी गडाच्या वळणावर असं झालं तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

त्याहून वाईट गोष्ट पुढे घडते. रस्त्यावर दुसरा फ्यूज नसतो. मग सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळून बसवला जातो. किंवा गॅरेजवाला म्हणतो, "डायरेक्ट करून टाकतो, परत त्रास नाही." गाडी चालू होते, मालक खूश होतो. पण दोष तसाच राहिलेला असतो. आता त्याला अडवणारं कोणी उरलेलं नसतं.

विहिरीवरच्या स्टार्टरची आठवण ठेवा

शेतकऱ्याला फ्यूज समजावून सांगायची गरज नाही. विहिरीवरच्या पेटीतल्या किटकॅटमध्ये जाड तार घातली की काय होतं, हे ज्याने मोटार रिवाइंड करून आणली त्याला पक्कं माहीत आहे. फ्यूज वाचतो आणि मोटार जळते. गाडीत तोच प्रकार आहे. फक्त जळते ती तार, आणि तार असते पेट्रोलच्या टाकीखाली.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्यावी. फ्यूज बल्ब वाचवण्यासाठी नसतो, तो तार वाचवण्यासाठी असतो. म्हणून फ्यूजचा आकडा तारेच्या ताकदीपेक्षा कमीच असला पाहिजे. ५ अँपिअरची बारीक तार आणि २० अँपिअरचा फ्यूज असेल, तर तारच फ्यूजचं काम करते. म्हणजे आधी ती वितळते. फ्यूज उडणं हा गाडीचा दोष नाही, ती सूचना आहे. घरात कुत्रं भुंकलं तर आपण बाहेर कोण आलं ते बघतो, कुत्र्याचं तोंड बांधत नाही.

आपल्याकडे वायरिंग लवकर का कुजतं?

शहरातली गाडी आणि शेतावरची गाडी यांत फरक आहे. शेतावरच्या गाडीवर युरियाची गोणी येते. खताला हवेतला ओलावा लागतो, ते पाणी होऊन कॅरियरवरून मागच्या दिव्याच्या तारांवर उतरतं आणि तांबं हिरवं पडतं. द्राक्षबागेत बोर्डो फवारतात. त्यातलं मोरचूद लोखंडाला खातं, म्हणून चेसिसला गंज चढतो आणि अर्थिंग सुटतं. गाडी धुवायची तर विहिरीवरच्या पाइपाचा जोरदार फवारा थेट सीटखाली मारला जातो. आणि कांदाचाळीजवळ गाडी उभी केली की उंदीर वायरचं कव्हर कुरतडतात. सगळ्यात जास्त मार बसतो हँडलच्या मानेजवळ, कारण दर वळणाला तिथल्या तारा वाकतात.

कुजलेल्या जोडाचं नुकसान हिशेबाने पाहा. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर निघतात. ३५ वॅटचा हेडलाईट १२ व्होल्टवर सुमारे ३ अँपिअर ओढतो, ६ व्होल्टवर मात्र जवळपास ६ अँपिअर. म्हणजे जुन्या ६ व्होल्टच्या गाडीत तारेवर दुप्पट भार असतो. पाटाला उंदराची बिळं पडली की टोकाच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तसा खराब जोडात व्होल्टेज गळतो. ६ व्होल्टच्या गाडीत वाटेत १ व्होल्ट गळाला तर बल्बचा उजेड जवळपास निम्मा होतो. १२ व्होल्टच्या गाडीतही तेवढ्याच गळतीने चौथा हिस्सा उजेड जातो. लोक म्हणतात, "बल्ब मिणमिणतो, मोठा बल्ब टाक." बल्बचा दोष नसतोच, दोष असतो पाटाचा.

आधी गाडी ओळखा

काम सुरू करण्याआधी तीन गोष्टी पाहून घ्याव्यात.

पहिली, गाडी ६ व्होल्टची की १२ व्होल्टची. बॅटरीवर लिहिलेलं असतं. ६ व्होल्टच्या गाडीला नुसती १२ व्होल्टची बॅटरी लावली म्हणजे गाडी १२ व्होल्टची होत नाही. त्यासाठी चार्जिंगची कॉइल, रेग्युलेटर, सगळे बल्ब, हॉर्न, आणि स्पार्किंग बॅटरीवर असेल तर इग्निशन कॉइलही बदलावी लागते. ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावं.

दुसरी, हेडलाईट कशावर चालतो. इंजिन बंद असताना हेडलाईट लागत नसेल आणि रेस दिल्यावर उजेड वाढत असेल, तर तो बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेटोच्या कॉइलवर आहे. १०० सीसीच्या अनेक जुन्या गाड्यांत असंच असतं. अशा हेडलाईटची तार बॅटरीच्या फ्यूज बॉक्समधून नेऊ नये. त्याची तार आणि अर्थिंग मात्र नवं करावं.

तिसरी, बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय. बहुतेक गाड्यांत वजा टोक असतं. ब्रिटिश धाटणीच्या काही फार जुन्या गाड्यांत अधिक टोक बॉडीला असतं. न बघता उलटं जोडलं तर रेक्टिफायर जातो.

आणि एक सूचना. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत कंट्रोल युनिट, सेन्सर वगैरे असतात. हा लेख त्या गाड्यांसाठी नाही. त्यांच्या वायरिंगला हात लावू नये.

बॉक्स कसा आखावा?

बाजारात चार किंवा सहा खणांचे छोटे फ्यूज बॉक्स मिळतात. चारचाकीत असतात तसे दोन चपट्या पायांचे, रंगीत प्लॅस्टिकचे फ्यूज त्यात बसतात. काचेच्या फ्यूजपेक्षा ते बरे. काचेच्या फ्यूजची क्लिप काही वर्षांनी सैल पडते, गरम होते आणि हादऱ्याने संपर्क तुटतो. चपटा फ्यूज घट्ट बसतो आणि उडाला की वरूनच दिसतो. रंगावरून आकडाही कळतो: फिकट तपकिरी ५, गडद तपकिरी साडेसात, लाल १०, निळा १५, पिवळा २० अँपिअर.

बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभर अंतरात मुख्य फ्यूज असावा. त्याच्या अलीकडच्या तारेला कोणाचंच संरक्षण नसतं, म्हणून ती जितकी आखूड तितकी बरी. तिथून तार चावीकडे, चावीतून फ्यूज बॉक्सकडे आणि बॉक्समधून शाखा फुटतात. डीपीवरून पेटीत आणि पेटीतून मोटारीला, तसंच.

ज्या १२ व्होल्टच्या किकच्या गाडीत सगळे दिवे बॅटरीवर आहेत, तिच्यासाठी साधारण आखणी अशी करता येईल:

मुख्य फ्यूज: १५ अँपिअर
हेडलाईट: साडेसात अँपिअर
मागचा लाल दिवा आणि मीटरचा दिवा: ५ अँपिअर
हॉर्न आणि ब्रेकचा दिवा: साडेसात अँपिअर
इंडिकेटर: ५ अँपिअर

गाडीच्या पुस्तकात मुख्य फ्यूजचा आकडा कमी दिला असेल तर पुस्तकाचाच आकडा धरावा. स्पार्किंग बॅटरीवर असेल तर त्याची शाखा स्वतंत्र ठेवावी, म्हणजे हॉर्न बिघडला म्हणून इंजिन थांबणार नाही. ६ व्होल्टच्या गाडीत करंट दुप्पट असतो; तिथे वॅट आणि व्होल्टचा हिशेब मांडूनच तार आणि फ्यूज ठरवावा.

या आखणीतली सगळ्यात मोलाची गोष्ट कोणती, तर मागच्या लाल दिव्याचा वेगळा फ्यूज. पुढचा दिवा गेला तर आपल्याला लगेच कळतं, आपण हळू होतो. मागचा गेला तर आपल्याला कळतच नाही; कळतं ते मागच्या ट्रकवाल्याला, आणि तेही उशिरा.

सेल्फ स्टार्टरच्या गाडीत स्टार्टर मोटारची जाड केबल या बॉक्समधून नेऊ नये. ती बॅटरीवरून स्टार्टर रिलेला आणि तिथून मोटारला जाते, तशीच राहू द्यावी.

तार, जोड आणि अर्थिंग

तार तांब्याची, बारीक पुष्कळ धाग्यांची, गाडीसाठी बनवलेलीच घ्यावी. घरच्या वायरिंगमधली उरलेली एका कांडीची तार हादऱ्याने आतून तुटते. बाहेरून कव्हर शाबूत दिसतं. शाखांना १ चौरस मिलिमीटरची आणि मुख्य तारेला अडीच चौरस मिलिमीटरची तार पुरते.

दोन तारा पिळून वर काळी टेप गुंडाळणे याला जोड म्हणत नाहीत. उन्हात टेपचा डिंक पातळ होतो आणि पावसाळ्यात आत पाणी शिरतं. जोडाला पितळी लग घालून तो दाबायच्या पक्कडीने नीट दाबावा, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. डाग दिला तर तिथे तार कडक होते आणि डागाच्या कडेला तुटते. म्हणून डाग दिलेला जोड हलत्या जागी ठेवू नये, आधार देऊन बांधावा.

अर्थिंग हा अर्धा आजार असतो. करंट जितका बॅटरीतून निघतो तितकाच बॉडीतून परत यावा लागतो. गंजलेल्या चेसिसवर भरवसा ठेवण्यापेक्षा हेडलाईट आणि मागचा दिवा या दोघांना स्वतंत्र अर्थिंगची तार देऊन ती बॅटरीच्या टोकापर्यंत आणावी. इंजिनलाही एक जाड तार असावी. जिथे बॉडीला जोड आहे तिथला रंग आणि गंज घासून धातू चमकवावा, बोल्ट आवळावा आणि वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन लावावं.

तारांचे रंग कंपनीगणिक बदलतात. होंडा धाटणीच्या गाड्यांत लाल तार बॅटरीची, काळी चावीनंतरची आणि हिरवी अर्थिंगची असते. हिरवी म्हणजे सगळीकडेच अर्थिंग, असं समजून चालू नये.

काम करताना

बॅटरीचं बॉडीला जोडलेलं टोक सगळ्यात आधी काढा आणि सगळ्यात शेवटी लावा. पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. डाग द्यायची कांडी आणि पेट्रोलची वाफ एका जागी नकोत. जुनं वायरिंग ओरबाडून काढू नका. कोणती तार कुठे जाते ते वहीत काढा, प्रत्येक टोकाला कागदाची चिठ्ठी बांधा. ज्याला मोबाइल आहे त्याने आधी फोटो काढून ठेवावेत.

फ्यूज बॉक्स सीटखाली किंवा बाजूच्या झाकणाआड, हाताला येईल असा बसवा. बॅटरीच्या बरोबर वर बसवू नका. ॲसिडच्या वाफेने पितळ खराब होतं. सायलेन्सर आणि कार्ब्युरेटरपासून दूर ठेवा. हँडलच्या मानेजवळ तार थोडी ढिली सोडा, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ताण पडत नाही ना ते बघा. लोखंडाच्या धारेवरून जाणाऱ्या तारेला नळीचं कवच घाला.

सगळंच कव्हर कडक होऊन तडकलं असेल तर ठिगळं लावत बसू नका. चालू मॉडेलचं तयार वायरिंग बाजारात मिळतं. ते टाकून त्याला फ्यूजच्या शाखा द्या.

एका बल्बची तपासणी

फ्यूज घालण्याआधी एक सोपी चाचणी करावी. गाडीच्याच व्होल्टेजचा २१ वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन तारा जोडा आणि फ्यूजच्या जागी लावा. त्या शाखेचे बल्ब काढून ठेवा, हॉर्नची पिन सोडवा, मग चावी आणि स्विच चालू करा. चाचणीचा बल्ब लागला तर समजा की तार कुठेतरी बॉडीला टेकली आहे. हँडल हलवा, तारा हलवा. बल्ब जिथे लुकलुकेल तिथे दोष आहे. फ्यूजचा डबा वाया घालवण्यापेक्षा हे बरं. स्पार्किंगच्या शाखेला मात्र ही चाचणी लागू नाही.

मीटर असेल तर आणखी दोन मापं घ्या. बॅटरीवर चालणारा हेडलाईट लावून बॅटरीवरचा आणि बल्बच्या टोकावरचा व्होल्टेज बघा. १२ व्होल्टच्या गाडीत फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. मग मध्यम रेसवर चार्जिंग पाहा. साडेतेरा ते साडेचौदाच्या आसपास असेल तर ठीक. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला आहे, तो बदलल्याशिवाय नवे बल्ब टाकू नका.

मोठा बल्ब, मोठा हॉर्न यांचा मोह

वायरिंग नवं झालं की हौस वाढते. ५५-६० वॅटचा हॅलोजन, दोन जोडहॉर्न, हँडलवर जादा एलईडी. पण जुन्या १०० सीसी गाडीची कॉइलच तेवढी वीज तयार करत नाही. विहिरीला पाणी नसताना मोठी मोटार बसवण्यासारखं ते आहे. बॅटरी रोज उतरते, स्विच वितळतो, आणि समोरच्याच्या डोळ्यांवर झोत पडून अपघात होतो तो वेगळाच. कंपनीने दिलेल्याच वॅटचा बल्ब पूर्ण व्होल्टेजवर लागला तर रस्ता चांगला दिसतो.

कायद्याची बाजूही लक्षात असू द्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मनमानी फेरबदल करता येत नाहीत. जुनं वायरिंग दुरुस्त करणे हा फेरबदल नव्हे. उलट १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करताना, मग ते नाशिकच्या कार्यालयात असो की मालेगावच्या, गाडी दाखवावी लागते आणि दिवे-हॉर्न चालू असावे लागतात. आणखी एक: विमा फक्त थर्ड पार्टीचा असेल तर वायरिंगने पेट घेऊन जळालेल्या आपल्या गाडीची भरपाई मिळत नाही.

गावाने एवढं करावं

हे काम एकेकट्याने करण्यापेक्षा गावाने मिळून केलं तर सोपं जाईल. गावात एखादा तरुण आयटीआयमधून वायरमन किंवा मोटार मेकॅनिक शिकून आलेला असतोच. ग्रामपंचायतीने कांद्याचा हंगाम सुरू होण्याआधी एक दिवस ठरवावा. चावडीसमोर गाड्या लावाव्यात, मागचा दिवा, ब्रेकचा दिवा, हॉर्न आणि फ्यूज एवढंच तपासावं. ज्यांच्या फ्यूजच्या जागी तार किंवा चांदीचा कागद निघेल त्यांना तिथल्या तिथे योग्य फ्यूज बसवून द्यावा. मागच्या मडगार्डवर लाल परावर्तक पट्टीही चिकटवावी. दिवा गेला तरी ती मागच्याला दिसते. तलाठी-ग्रामसेवकांनी आपल्या गाडीपासून सुरुवात केली तर लोक आपोआप येतील.

आणि प्रत्येकाने सीटखाली एका डबीत प्रत्येक आकड्याचे दोन-दोन जादा फ्यूज ठेवावेत. रस्त्यात फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा दुसरा घाला. तोही लगेच उडाला तर तिसरा घालू नका; त्या शाखेचा फ्यूज काढून ठेवा, बाकीच्या दिव्यांवर हळू घरी या आणि सकाळी उजेडात तार शोधा. वेगवेगळे फ्यूज केल्याचा फायदा हाच, की एक शाखा बंद ठेवूनही माणूस घरी पोचतो.